माशी कुठं बसली होती

मी माशा मारते. हा विनोद नाही. तालुक्याचं आरोग्य खातं मला त्याचाच पगार देतं. हुद्द्याचं नाव 'मक्षिका निरीक्षण सेविका' असं भारदस्त आहे, पण आमच्या काळेखडीत ते एकदाच उच्चारलं गेलं, माझ्या नेमणुकीच्या दिवशी, आणि तेव्हाही सरपंच अडखळले. तेव्हापासून मी माशीवाली. पारावरची मंडळी "काय माशीवाली, आज शिकार कशी?" म्हणून विचारतात आणि मीही "तुमच्या अंगावरच्या सोडून बाकीच्या धरल्या" असं सांगून पुढं जाते. लग्नाची दोन स्थळं याच हुद्द्यापाशी येऊन थबकली. तिथं मात्र खरोखरच माशी शिंकली म्हणायची.

तरीही मला या माशीचे आभार मानायचे आहेत, आणि मनापासून मानायचे आहेत. गेल्या वर्षी तिनं जे सांगितलं ते ऐकायला मी मुळीच तयार नव्हते. आज घरात शालन आत्या चालती-बोलती आहे, ती त्या सांगण्यामुळं.

शालन आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत ती माहेरी आली आणि पुन्हा नांदायला गेली नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आमच्या घरात कोणी विचारलंही नाही. मी रांगत होते तेव्हा माझी आई गेली. वडील बेदाण्याचा टेंपो चालवायचे, आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावरच. त्यामुळं मला न्हाऊ-माखू घालण्यापासून बीएस्सीच्या परीक्षेला सांगलीला पोचवण्यापर्यंत सगळं आत्यानंच केलं. आता वडीलही नाहीत. घरात आम्ही दोघीच.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. सरकारी मापाचे तांदूळ, सरकारी मूगडाळ, त्यात हळद-मीठ आणि मोहरीची फोडणी. त्यात करण्यासारखं काही नाही असं कोणालाही वाटेल. पण पोरं ताट चाटून पुसून ठेवतात आणि तपासणीचे साहेब नेमके जेवणाच्या सुट्टीच्या आधी उगवतात. ही नोकरी लागेपर्यंत गावात तिची ओळख 'परत आलेली' अशी होती. आता दोन पिढ्यांची पोरं तिला आत्या म्हणतात, त्यांच्या आयासुद्धा म्हणतात. तिचा सगळा मान त्या पातेल्यात आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

वाढताना ती हातमोजे घालते, डोक्याला टोपी घालते, सगळं नियमाप्रमाणं. फक्त एक गोष्ट तिची स्वतःची. पोरांना वाढायच्या आधी पहिला घास ती कुंपणाच्या भिंतीवर कावळ्या-चिमण्यांसाठी ठेवते आणि तो मात्र उघड्या हातानं. मोजा घालून दिलेला घास पोचत नाही, असं तिचं म्हणणं.

आता माशीकडं वळते. आमच्याकडं तिला तोटा नाही. द्राक्षबागा, बेदाण्याच्या शेड आणि माळावर भली मोठी पोल्ट्री. कोंबड्यांची ओली विष्ठा म्हणजे माशीचं बाळंतपणाचं ठिकाण. एक मादी एका खेपेला शंभरावर अंडी घालते आणि उन्हाळ्यात अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून माशी हे सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं. ही माशी जेमतेम महिनाभर जगते आणि सहसा कोसभराच्या पलीकडं जात नाही. तिची सगळी दुनिया म्हणजे एक गाव. हातानं मात्र ती सापडत नाही, कारण तिचे डोळे आपल्यापेक्षा कितीतरी वेगानं चित्रं टिपतात आणि आपण जिवाच्या आकांतानं मारलेला फटका तिला आरामात येणारा हात वाटतो. म्हणून आम्ही गूळ-पाण्याचे सापळे लावतो.

माशीला दात नाहीत, त्यामुळं तिला घट्ट काही खाता येत नाही. ती बसते तेव्हा आधी पायांनी चव घेते, कारण तिची चव पायांत असते. सारखे पाय चोळते तेव्हा ती चवीचे केस साफ करत असते. पदार्थ पसंत पडला की सोंड खाली सोडून त्यावर लाळ ओतायची, विरघळला की टिपून घ्यायचा. हे सगळं लगेच पचनाला जात नाही, आधी पोटातल्या एका पिशवीत साठतं. मग माशी निवांत कुठंतरी बसून त्यातला थेंब पुन्हा तोंडाशी आणते, त्याचा बुडबुडा फुगवते, त्यातलं पाणी उडवते आणि परत गिळते. माणसानं असं केलं तर त्याला पंगतीतून उठवतील. पण या पिशवीमुळंच माशी आमच्या कामाची ठरली. गेल्या दिवसाभरात ती शेणावर, भातावर, उकिरड्यावर, जिथं जिथं बसली असेल तिथला थोडा थोडा अंश त्या पिशवीत शिल्लक असतो.

तो अंश वाचणारं यंत्र आता तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात आलं आहे. दिसायला मिक्सरएवढंच. सापळ्यातल्या माशा त्यात टाकल्या की ते त्यांचा रस करतं, त्यातले डीएनएचे तुटके धागे वाचतं आणि आपल्या साठ्याशी ताडून पाहतं. तासा-दोन तासांत पडद्यावर नावं येतात: म्हैस, ऊस, तांदूळ, कोंबडी, आणि सोबत कुठले रोगजंतू आहेत तेही. पूर्वी आधी माणसं तापानं फणफणायची, मग दवाखाना भरायचा, मग कुणीतरी पाण्याचा नमुना न्यायचं. यंत्रानं हा क्रम उलटा केला. माझ्या पहिल्याच वर्षी अंगणवाडीमागची फुटकी मैलावाहिनी माशांनी दाखवून दिली, एकही बाळ आजारी पडायच्या आत. त्यानंतर पारावरची थट्टा चालू राहिली, पण तिच्यात जरा अदब आली. एक गोष्ट मात्र यंत्र करत नाही. माणसाच्या डीएनएचा धागा सापडला तर ते तो न वाचता पुसून टाकतं, तसा कायदाच आहे. माशी कुठल्या पदार्थावर बसली ते कळतं, कुणाच्या हातावर बसली ते कळत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, बेदाण्याच्या ऐन हंगामात, शाळेमागच्या सापळ्यातल्या माशांमध्ये टायफॉइडचा जंतू निघाला. सोबत तांदूळ, मूग, हळद, मोहरी. म्हणजे खिचडी. आणि त्या यादीत शेवटी तंबाखू. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच यादी आणि तोच जंतू हजर, तेव्हा हा योगायोग नाही हे उघड झालं.

तालुक्याच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. तस्नीम मुजावर दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आल्या. बाई कमी बोलतात आणि बोलतात ते समोरच्याला कळेपर्यंत समजावतात. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी सरपंच आनंदरावांना आणि मुख्याध्यापकांना सांगितलं की, शाळेतल्या पोरांना लस दिलेली आहे म्हणून बहुधा अजून कोणाला ताप नाही. पण गावात लस न घेतलेली म्हातारी माणसं आहेत, तान्ही पोरं आहेत, आणि माशी शाळेच्या भिंतीवर बसून राहत नाही. जंतू कुठून येतो ते शोधायलाच हवं. स्वयंपाकघरातल्या बायकांची सहामाही तपासणी नुकतीच झाली होती, ती स्वच्छ होती.

आनंदरावांना शोधायची गरज वाटली नाही. तंबाखू म्हटल्यावर त्यांनी थेट ओढ्याकाठच्या वीटभट्टीकडं हात केला. भट्टीवर नंदुरबारकडून आलेली दहा-बारा कुटुंबं होती. बाया-माणसं सगळी तंबाखू मळणारी, आणि त्यांची पोरं शाळेतली उरलेली खिचडी डब्यातून खोपटात नेणारी. हिशेब चोख जुळत होता. डॉ. मुजावर म्हणाल्या की जुळतो म्हणजे खरा असतोच असं नाही, आधी भट्टीवरच्या सगळ्यांचे नमुने घेऊ, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतील. आनंदरावांनी मान डोलावली आणि त्या गेल्यावर भट्टीच्या मालकाला फोन लावला. उद्यापासून त्यांची पोरं शाळेत नकोत, आणि चार दिवसांत माणसं हलवा.

मी तिथंच सापळा बदलत होते. मला ते सगळं ऐकू येत होतं, आणि माझ्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. तंबाखू मळून खाणारा माणूस ती तळहातावर घेतो. खिचडीवर बोटानं तंबाखू आणणारी सवय वेगळी असते.

आत्या पूर्वी मशेरी लावायची. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड, बोटावर घेऊन दातांना. शाळेत लागली तेव्हा मुख्याध्यापकांनी अट घातली आणि तिनं माझ्यासमोर मशेरीची डबी येरळा नदीच्या पाण्यात फेकली. मी तेव्हा लहान होते, मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. अलीकडं कधीकधी तिच्या पदराला तो करपट वास यायचा, पण जुन्या लुगड्यांचा असेल म्हणून मी सोडून द्यायची.

त्या दुपारी मी घरी येऊन शोधलं. फार शोधावं लागलं नाही. संडासाच्या झरोक्यात, वर हात पोचेल अशा जागी, पितळेची छोटी डबी होती. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही हे तिचं जुनं म्हणणं. मी डबीच्या कडेवरून कापूस फिरवला, पंचायतीच्या खोलीत जाऊन यंत्रात घातला आणि बसून राहिले. भाजलेल्या तंबाखूचे धागे तुटून बारीक झाले होते, तरी ओळखू आले. सोबत टायफॉइडचा जंतू होता.

मग सगळं समोर उभं राहिलं. संडासात आत्याचं न धुतलेलं बोट डबीत जातं. बाहेर येऊन ती साबणानं हात धुते, खसाखसा धुते, पण धुऊन झाल्यावर तेच बोट पुन्हा डबीत घालते. शाळेत जाताना ती डबी कनवटीला. दहाच्या सुमारास स्वयंपाकघरामागं एकदा बोट फिरवायचं, पाण्यानं खळाळून टाकायचं आणि मग पोरांसाठी मोजे चढवायच्या आधी उघड्या हातानं तो घास भिंतीवर ठेवायचा. पोरांच्या ताटात पळीनं पडलेली खिचडी स्वच्छ होती. भिंतीवरचा घास मात्र कावळ्याच्या आधी माशी चाखत होती.

मी चौथीत होते तेव्हा आत्याला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला होता. बरी झाली, पण काही माणसांत हा जंतू जात नाही. तो पित्ताशयात जाऊन बसतो, विशेषतः तिथं खडे असतील तर त्यांच्यावर साय धरावी तसा पातळ थर धरतो आणि वर्षानुवर्षं राहतो. माणूस ठणठणीत असतो. जंतू रोज बाहेर पडत नाहीत, अधूनमधून पडतात. म्हणून सहामाही तपासणीत ती स्वच्छ निघाली. हे सगळं मी अभ्यासक्रमात शिकले होते, पण त्यात माझ्या घरचं माणूस येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आत्या सोप्यात मूग निवडत होती. मी डबी तिच्यासमोर ठेवली. तिनं एकदा डबीकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मूग निवडत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून.

"कुणी पडलंय का आजारी?" तिनं शेवटी विचारलं. "एक तरी पोर?"

"अजून नाही."

"मग झालं तर. डबी टाकून देती मी. आत्ताच्या आत्ता."

मी म्हणाले की डबी टाकून जंतू जात नाही, तो तुझ्या पोटात आहे, औषध करायला लागेल. आणि तोवर शाळेत शिजवता येणार नाही. शिवाय भट्टीवरच्यांना चार दिवसांत हाकलणार आहेत.

आत्याचे हात थांबले.

"ती मान्सं पावसाळ्याच्या आधी जाणारच हाईत, प्रणाली," ती म्हणाली. "तीन महिनं आधी गेली. त्यास्नी दुसरी भट्टी मिळंल. मला दुसरी शाळा मिळंल का? माझ्या हातचं कोण खाईल परत?"

आत्यानं आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि हे ती चिंतत होती असंही नाही. ती फक्त घाबरली होती, आणि मला तिच्याहून जास्त भीती वाटत होती. यंत्र माणूस ओळखत नाही, कायद्यानंच ओळखत नाही. तांदूळ, मूग आणि तंबाखू यांचा अर्थ लावू शकणारी साऱ्या गावात मी एकटीच होते. मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. खोटं सांगायला नको, मी गप्प राहायचं ठरवूनच दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

सकाळी शाळेच्या फाटकाशी भट्टीवरची पोरं उभी होती, हातात डबे. त्यांच्यासोबत बिलीबाई नावाची एक बाई होती, त्यांच्यातलीच, जरा बोलकी. आनंदराव तिला सांगत होते की तुमच्यामुळं गावात रोग येतोय, पोरं घेऊन माघारी जा. बिलीबाई भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं की आमचं कोणीच आजारी नाही तर रोग आमच्यात कसा, आणि पोरांना आजच्या दिवस तरी जेवू द्याल का. मग ती पोरांना म्हणाली की डबे झाका, चला. तिला अशा फाटकांची सवय होती हे दिसत होतं. ते मला सहन झालं नाही. डॉ. मुजावर नमुन्यांच्या बाटल्या घेऊन गाडीतून उतरत होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती.

"डॉक्टर, भट्टीवर जायची गरज नाही," मी म्हणाले. "शाळेत खिचडीला हात लावणारं आणि मशेरी लावणारं एकच माणूस आहे. माझी आत्या. डबी मी तपासली आहे."

आनंदराव माझ्याकडं असे बघत होते जणू मी वेडी झाले आहे. आत्यानं दारातून माझ्याकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी घातली आणि ओट्यावर ठेवली.

त्या दिवशीची खिचडी शिजून तयार होती. ती टाकून द्यावी लागली. पोरांच्या ताटात कधी काही गेलं नसलं तरी नियम नियम होता. शाळेमागं खड्डा खणून त्यात ओतली, वरून ब्लीचिंग पावडर टाकली. आत्या शेवटपर्यंत तिथं उभी राहिली. घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढं चालत होती, आणि मी तिला गाठायचा प्रयत्न केला नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. घरात दोन माणसं असली की न बोलणंही सोपं नसतं, म्हणून ती शेजारच्या मांजरीशी बोलायची. "मने, आमटीत मीठ न्हाई म्हणावं." "मने, दवाखान्याची गाडी किती वाजता येतीया विचार." स्वयंपाक आता माझ्याकडं होता, आणि मांजरीला माझ्या हातच्या जेवणाबद्दल बरंच काही ऐकून घ्यावं लागलं. मी सगळं ऐकायची. त्या दिवसांत तिनं घर सोडून जाते असं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. ती गेली नाही, ताटावर बसत राहिली, याबद्दल मी तेव्हाही तिची उपकृत होते.

तिचे नमुने लागोपाठ घेतले. पहिले दोन स्वच्छ आले आणि आत्यानं मांजरीला विचारलं की आता तुझ्या माशीवालीचं काय म्हणणं. तिसऱ्यात जंतू सापडला. डॉ. मुजावर यांनी तिला सोनोग्राफीला मिरजेला पाठवलं. पित्ताशय खड्यांनी भरलेलं होतं, आणि त्याची भिंत एका जागी जाड झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी पित्ताशय काढायचं ठरवलं. जंतूचं घरच नाहीसं झालं की मग औषध उरलेल्यांचा बंदोबस्त करतं.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी काढलेल्या भागाची तपासणी आली. सर्जनबाईंनी मला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि कागद न दाखवता सांगितलं. जाड झालेल्या भिंतीत कर्करोगाची अगदी सुरुवात होती. खडे आणि हा जंतू असे वर्षानुवर्षं एकत्र राहिले की काहींमध्ये असं होतं. दुखत काहीच नाही, म्हणून कोणी दवाखान्यात येत नाही. येतात तेव्हा कावीळ झालेली असते आणि करण्यासारखं फार उरलेलं नसतं. आत्याच्या बाबतीत तो भिंतीच्या आतच होता, सगळा निघाला होता. "तुम्ही एवढ्या लवकर कशा आलात?" त्यांनी विचारलं. "त्रास तर काही नव्हता."

मी म्हणाले, "माशीनं सांगितलं." त्यांना वाटलं मी शुद्धीवर नाही. मग मी त्यांच्या खोलीतच रडले, आणि त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला.

त्या रात्री मिरजेहून परत येताना एसटीत माझ्या समोरच्या काचेवर एक माशी बसली होती, पाय चोळत. मी तिला तसंच बसू दिलं. माझ्या मनात इतकी कृतज्ञता दाटून आली होती की ती कोणावर तरी ओतायला हवी होती आणि ती समोर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सापळे भरायला गेलेच, ती गोष्ट वेगळी.

मी आत्याला सगळं खरं सांगितलं, कर्करोगासकट. ती घरी खाटेवर उठून बसली होती. तिनं ऐकलं, टाक्यांवर हात ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मांजरीलाही काही सांगितलं नाही.

औषधांचा कोर्स संपला. मग ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा नमुने घेतले, ते सगळे स्वच्छ आले. डबी तिनं डॉ. मुजावर यांच्या हातात नेऊन दिली; पाण्यात फेकली नाही, कारण फेकलेल्या डबीच्या जागी दुसरी विकत मिळते हे तिला ठाऊक होतं. शाळेमागचा सापळाही स्वच्छ येऊ लागला. भट्टीवरच्या माणसांना कोणी हलवलं नाही; ती पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या गावी गेली आणि दिवाळीनंतर परत आली. त्याच सुमाराला आत्याला पुन्हा कामावर घ्यायला हरकत नाही असा तालुक्याचा कागद आला.

तिला जायचं नव्हतं. डॉ. मुजावर घरी येऊन बसल्या, मुख्याध्यापक येऊन गेले, तेव्हा कुठं ती तयार झाली. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेले, सापळा तपासायचं निमित्त करून. तिनं पूर्वीसारखीच खिचडी केली. वास वर्गापर्यंत गेला. सुट्टी झाली, पोरं रांगेनं बसली आणि जवळजवळ सगळ्यांनी दप्तरातून घरचे डबे काढले. कुणाची आई काही वाईट बोलली नव्हती. त्यांनी नुसते डबे दिले होते.

आत्या मोजे घालून, टोपी घालून, हातात पळी धरून उभी होती. पातेलं भरलेलं. ती पोरांकडं बघत नव्हती, पातेल्याकडं बघत होती. मला वाटलं की मी आत्ता ओरडून सगळ्यांना सांगावं, सगळे कागद वाचून दाखवावेत. पण कागदानं कोणाची भूक चाळवत नाही हे मलाही कळत होतं.

फाटकातून बिलीबाई आत आली. सोबत तिची दोन पोरं, आणि तिच्या स्वतःच्या हातात एक जर्मनचं ताट. खिचडी शाळेतल्या पोरांसाठी असते, मोठ्यांसाठी नाही, हे तिला ठाऊक असणारच. ती पोरांच्या रांगेत मांडी घालून बसली आणि ताट पुढं केलं.

"मला बी वाढ, आत्या," ती म्हणाली. "सकाळपासून भट्टीवर हाय. भूक लागली."

मुख्याध्यापकांनी दुसरीकडं बघितलं. आत्यानं वाढलं. बिलीबाईनं पहिला घास घेतला, मग दुसरा, मग भराभर जेवू लागली, खरोखरच भुकेलेल्या माणसासारखी. तिच्या पोरांनी ताटं पुढं केली. मग पलीकडच्या एका मुलीनं आपला डबा झाकला आणि ताट घेऊन उठली, आणि तिच्या मागून आणखी दोघं-तिघं. सगळे नाही उठले. निम्मं पातेलं त्या दिवशी उरलंच.

आत्या वाढता वाढता माझ्यापाशी आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं.

"तू त्या दिवशी बोलली नसतीस, तर ही बाई आज हितं नसती," ती म्हणाली. "आन् मी बी नसते."

पळी भरलेली होती आणि ती थांबली होती. मी मांडणीवरून एक ताट घेतलं आणि बिलीबाईच्या शेजारी जाऊन बसले.